हौदाचं पाणी

बाबा नापास झाले तेव्हा ठमी काचेपलीकडेच बसली होती. जहाजावरची खरी यंत्रं सिम्युलेटरच्या सॉफ्टवेअरला जोडायची, हे तिचं काम. प्रशिक्षण केंद्रात लाकडी सांगाड्यावर जहाजाची केबिन उभारली होती. रडार, सुकाणू, पाण्याची खोली दाखवणारा डिस्प्ले, सगळं खरं आणि सगळं एकाच नेटवर्कवर. समुद्र तेवढा खोटा. तो सॉफ्टवेअरमधून यायचा.

बाबांचं उभं आयुष्य कप्तानकीत गेलेलं. आता वय झालं म्हणून परवाना टिकवायला ही परीक्षा. धक्क्याजवळ येताच त्यांनी एकदम सुकाणू फिरवलं आणि पडद्यावरचं जहाज धक्क्यावर जाऊन आदळलं.

"खाली पाणीच नव्हतं!" बाबा म्हणाले. "दीड मीटर दाखवत होतं. रुतलो असतो."

"कप्तान, आम्ही वीस मीटर दिलं होतं," केंद्राचे साहेब म्हणाले आणि शेजारच्या परीक्षकाकडे बघून हसले.

ते हसणं ठमीच्या डोक्यात गेलं. केबल धरून ती मागच्या वर्कशॉपपर्यंत गेली. तिथे कुणीतरी दुरुस्त केलेलं खोली मोजायचं यंत्र चाचणीसाठी सिमेंटच्या हौदात सोडून त्याच नेटवर्कला जोडून ठेवलं होतं. डिस्प्लेला खोलीचे दोन आकडे मिळत होते, समुद्राचा आणि हौदाचा. त्यानं हौदाचा धरला होता.

तिनं साहेबांना नेऊन दाखवलं.

"सिम्युलेटर बघायला गिऱ्हाईक येणारेय, आत्ता कशाला बोभाटा? म्हातारा माणूस, चुकला. सोडून द्या."

"मग गिऱ्हाइकालाच दाखवते."

साहेबांनी फेरपरीक्षा मंजूर केली. "पण ही झाली की जोडणीचं काम दुसरं कुणीतरी बघेल," ते शांतपणे म्हणाले.

ही गोष्ट ठमीनं घरी सांगितली नाही. बाबा मात्र जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "पोरीनं बापाची लाज राखली!" आईकडून त्यांनी पांढरा शर्ट दोनदा इस्त्री करून घेतला.

फेरपरीक्षेआधी ठमीनं हौदाची वायर स्वतः काढली. प्रत्येक आकडा पडताळून पाहिला. सगळं चोख होतं.

बाबांनी जहाज वेगात आणलं. उजवीकडून आडवी येणारी होडी रडारवर स्पष्ट दिसत होती, ती त्यांना उशिरा दिसली. वेग कमी करायला त्यांचा हात पुढे गेला आणि मधेच थांबला. कोणता दांडा, हेच त्यांना आठवेना. काचेआडून ठमी तो अधांतरी हात बघत राहिली. जहाज पुन्हा धक्क्यावर आदळलं.

या वेळी कुणी हसलं नाही. साहेबांनी स्वतः पाण्याचा ग्लास आणून दिला. बाबांनी तो घेतला, पण प्यायले नाहीत.

गाडीत बसल्यावर ठमी म्हणाली, "आत उजेड जरा कमीच होता, बाबा."

"गप्प बस."

सिग्नलला गाडी थांबली तसे बाबाच बोलले. "तुला कुणी सांगितलं होतं एवढं खोलात शिरायला? यंत्रानं घात केला म्हणत सुखानं मेलो असतो मी."

"तुम्हाला खोटं ठरवत होते ते, बाबा."

"ठरवू दे ना. मला तर मी खराच वाटत होतो."

मागची गाडी हॉर्न वाजवू लागली. ठमीकडून गिअर पडेना.