दादाच्या आवाजाची प्रत

पन्नाशी उलटली तरी घरात त्याला छोट्याच म्हणत. हे नाव मोठ्या भावानं पाडलेलं, आणि दादानं पाडलेलं नाव बदलायची कुणाची छाती नव्हती. छोट्या एका विमा कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचा. साहेब पासवर्ड विसरले, प्रिंटरमध्ये कागद अडकला, की हाक त्यालाच. मग नात्यागोत्यातही कुणाचा फोन रुसला, कुणाचं बिल ऑनलाइन भरलं जाईना, की ते त्याच्याच गळ्यात. वरून तो कुरकुरायचा, पण आपल्यावाचून कुणाचं पान हलत नाही हे त्याला मनातून आवडायचं.

दादा त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठा. तीस वर्षं त्यानं लोकांना गाडी चालवायला शिकवलं होतं. शेजारच्या सीटवर बसायचं आणि बोलत राहायचं, हाच त्याचा धंदा. "क्लच सोड, हळू, हळू… अहो, ती मांजर आहे, यमदूत नाही, एवढं काय घाबरायचं?" असं बोलत बोलत त्यानं निम्म्या गावाला रस्त्यावर आणलं होतं, असं तो स्वतःच म्हणायचा.

त्याच दादाच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनला तीन आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी दादानं मुलीला सांगितलं, "मला एक माइक आणून दे." मुलीला तेव्हा सातवा महिना होता. होणाऱ्या नातवंडानं आपला आवाज ऐकावा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. मागच्या खोलीत जुना कॉम्प्युटर होता. मुलीनं माइक जोडून दिला, बटण कुठलं दाबायचं ते दाखवलं, आणि बाबांना शोधाशोध करावी लागू नये म्हणून स्क्रीनवर समोरच 'आवाज' नावाचं एक चित्र ठेवलं.

तीन आठवडे रोज सकाळी दादा दार लावून बोलत बसला. लहानपणच्या गोष्टी बोलला. बेसूर गाणी म्हटली. नातवंडानं पहिल्यांदा सायकलवरून पडल्यावर ऐकायचं म्हणून एक वेगळं बोलणं भरून ठेवलं. आणि अकरा धडे गाडीचे. पहिल्या धड्याची सुरुवात अशी होती, "हे बघ, तुला अठरा पूर्ण झाली असतील तरच पुढे ऐक. नसतील तर बंद कर आणि आईला जाऊन सांग, आजोबा ओरडले म्हणून." दाराबाहेर उभी राहून वहिनी हे ऐकायची, हसायची आणि पदराला डोळे पुसायची.

ऑपरेशनच्या चार दिवस आधी, रविवारी, दादानं छोट्याला बोलावून घेतलं. बाहेरून जोडायची नवी हार्ड डिस्क टेबलावर आणून ठेवली होती.

"कॉम्प्युटर म्हातारा झालाय," दादा म्हणाला. त्याचा आवाज आता खरखरीत येत होता. "याचा भरवसा नाही. सगळं यात उतरवून दे."

"दोन मिनिटांचं काम आहे, दादा."

छोट्याला घाई होती. ऑफिसच्या कॅरम स्पर्धेची उपांत्य फेरी होती आणि जोडीदाराचे दोन फोन येऊन गेले होते. त्यानं उभ्याउभ्याच डिस्क जोडली, स्क्रीनवरचं 'आवाज' उचललं आणि डिस्कवर टाकलं. डोळ्याचं पातं लवतंय तोवर झालंसुद्धा.

"इतक्या लवकर?" दादानं विचारलं.

"नवी डिस्क आहे. फास्ट असते."

"एकदा लावून बघायचं का?"

"अरे दादा, रोज हेच करतो मी. तू काळजी सोड." आणि छोट्यानं चपला पायात सरकवल्या. उपांत्य फेरी ते जिंकले. अंतिम फेरीत हरले.

ऑपरेशन नीट पार पडलं. दादा घरी आला तो गळ्यावर मऊ कापड बांधून. श्वास आता तिथल्या छिद्रातून यायचा. बोलायचं असलं की वहीत लिहायचा, कुणाला बोलवायचं असलं की टाळी वाजवायचा. महिन्याभरानं जुन्या कॉम्प्युटरनं मान टाकली. वहिनीनं फोन केला तेव्हा छोट्या ऑफिसात जेवायला बसला होता.

"चालूच होत नाहीये. तू येऊन बघतोस का?"

"कशाला दुरुस्त करत बसता? सगळं डिस्कवर आहे. देऊन टाक भंगारात. मी नवा बघतो एखादा."

वहिनीनं ऐकलं. का नाही ऐकणार? कॉम्प्युटरच्या बाबतीत त्या घरात छोट्याचा शब्द शेवटचा होता.

मुलीला मुलगी झाली. बाळ सव्वा महिन्याचं झाल्यावर ती नवऱ्याबरोबर माहेरी आली. आल्या आल्या दादानं कपाटातून डिस्क काढून तिच्या हातात दिली. मुलीनं ती आपल्या लॅपटॉपला जोडली, बाळाला दादाच्या मांडीवर ठेवलं आणि 'आवाज' उघडलं. स्क्रीनवर एक ओळ आली: ही वस्तू जिथे होती तिथे आता सापडत नाही.

फोन गेल्यावर पंधरा मिनिटांत छोट्या हजर झाला. लॅपटॉपपुढे बसला आणि पहिल्या नजरेतच त्याला आपली चूक दिसली. चित्राच्या कोपऱ्यात छोटासा बाण होता. म्हणजे त्यानं उतरवला होता तो नुसता पत्ता. ज्या घराचा पत्ता, ते घर त्या जुन्या कॉम्प्युटरमध्येच राहिलं होतं. ऑफिसात नव्या पोरांना तो पहिल्याच दिवशी हे शिकवायचा, बाण दिसला की ती फाइल नव्हे. चारही माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती, सव्वा महिन्याचं पाचवं तेवढं झोपलं होतं.

"डिस्क खराब निघाली," छोट्या म्हणाला.

का म्हणाला, ते त्यालाही कळलं नाही. तोंडातून निघून गेलं. जावई म्हणाला, हल्ली मालच तसा येतो. वहिनीनं डिस्क हातात घेऊन उलटसुलट बघितली. दादानं मांडीवरचं बाळ सावरून घेतलं.

तिथून छोट्या थेट भंगारवाल्याकडे गेला. पत्र्याच्या शेडमध्ये कॉम्प्युटरचे सांगाडे छपरापर्यंत रचलेले. त्यानं रंग सांगितला, आकार सांगितला, तारीख सांगितली.

"साहेब, आठवड्याला गाडी भरून जाते इथून," भंगारवाला म्हणाला. "आतल्या डिस्का आम्ही फोडतो. अॅल्युमिनियम वेगळं, बाकीचं वेगळं. तुमचं काय होतं त्यात?"

"भावाचा आवाज होता," छोट्या म्हणाला.

भंगारवाल्यानं मागची बाजू उघडून दिली. ऑफिस सुटलं की तीन दिवस छोट्या तिथे जाऊन ढिगारे उपसत होता. हात काळे झाले, एका बोटाला पत्रा लागला. मिळालं काही नाही.

चौथ्या दिवशी तो दादाकडे गेला. वहिनी बाजारात गेली होती, मुलगी अंघोळीला गेली होती. दादा खिडकीपाशी बाळाला घेऊन बसला होता.

"दादा, डिस्क चांगली होती," छोट्या म्हणाला. "माझ्याकडून चुकलं. नुसता पत्ता उतरवला मी. बघितलंच नाही. आणि भंगारात द्यायलाही मीच सांगितलं."

दादानं बाळ सांभाळत एका हातानं वही ओढली. लिहिलं, "आरसा बघितला नाहीस." गाडी शिकवताना तो हेच सांगायचा. मग पुन्हा लिहिलं, "मला तेव्हाच वाटलं होतं. तीन आठवड्यांचं बोलणं पापणी लवेपर्यंत कसं गेलं? पण तू म्हणालास, रोज हेच करतो. मग तुला परत कसं विचारायचं?"

छोट्यानं ते दोनदा वाचलं. दादानं चार शिव्या लिहिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या रविवारी दादानं आणखी एकदा विचारलं असतं तर आपण काय केलं असतं? चिडलो असतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ते दादालाही ठाऊक होतं.

"वहिनीला मी सांगतो," तो म्हणाला. दादानं मान डोलावली.

त्यानं सांगितलं. वहिनीनं भाजीची पिशवी खाली ठेवली, सगळं ऐकून घेतलं, आणि आत निघून गेली. ती भांडली नाही की रडली नाही. पण त्यानंतर छोट्या आला की ती पाणी आणून ठेवायची आणि दुसऱ्या खोलीत जायची. मुलीनं आपला फोन धुंडाळला. बाबांच्या आवाजातले सहा जुने निरोप निघाले, सगळे एकाच चालीचे. "पोचलीस का? फोन कर." बाळ त्यावर मान वळवायचं, असं ती सांगायची. ते खरं होतं की तिचं मन राखण्यापुरतं, हे विचारायची छोट्याला हिंमत झाली नाही.

असे चार-पाच महिने गेले. एका रविवारी छोट्या दादाकडे आला तेव्हा दार उघडंच होतं. पायरीवर चपला काढता काढता त्यानं आत हाक दिली, "अगं, आहेस का घरात?"

आतून भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. "आले हो, आले!" म्हणत वहिनी जवळजवळ धावत बाहेर आली, हात ओले, तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू. दारात छोट्या दिसला आणि ती जागच्या जागी थबकली.

दोघा भावांचा आवाज सारखा होता. तरुणपणी फोनवर लोक फसायचे, त्यावरून घरात थट्टा चालायची. छोट्याच्या काय किंवा वहिनीच्या काय, ते इतकी वर्षं ध्यानात राहिलं नव्हतं.

"वहिनी, मी…"

"कळलं," ती म्हणाली. पदरानं हात पुसत राहिली, कोरडे झाले तरी पुसत राहिली. "इथून पुढे येशील तेव्हा बेल वाजवत जा. हाक नको मारू."

"बरं," छोट्या म्हणाला, अगदी हळू.

मागच्या खोलीतून दादाची टाळी ऐकू आली. कोण आलंय ते त्याला जाणून घ्यायचं होतं. वहिनी वळली आणि सांगायला आत गेली.