पातळ थर, दोन वेळा

“हलू नकोस. अंगठा राहिलाय अजून,” बाबा म्हणाले.

आईने हात तसाच पुढे धरला आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

बाबांनी चाळीस वर्षं पाण्याचे पंप दुरुस्त केले. कुरकुरणाऱ्या प्रत्येक गोष्टीला वंगण कमी पडतंय, ही त्यांची ठाम समजूत. आईच्या हातांना इसब झालं, डॉक्टरीणबाईंनी मलम लिहून दिलं आणि निवृत्तीनंतर माशा मारत बसलेल्या बाबांना काम मिळालं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, पातळ थर, दोन वेळा. सकाळी चहानंतर आणि संध्याकाळी फिरून आल्यावर आईचे हात मांडीवर घेऊन ते एकेका बोटाला मलम चोळत. तेवढ्यात दोघांच्या गप्पाही व्हायच्या आणि भांडणंही उरकायची.

पण हात बरे होईनात. लाली मनगटापर्यंत चढली. आईचं शिलाई मशीन दोन महिने झाकून पडलं. बाबांनी दोनाच्या तीन वेळा केल्या, तिनाच्या चार.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी आईच्या पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवल्या. त्यांतल्या एकीखाली लाल चट्टा उठला.

“औषधाचा दोष नाही,” त्या म्हणाल्या. “ते ज्यात कालवलंय ना, त्यात लॅनोलिन आहे. मेंढीच्या लोकरीतली चरबी. तुमच्या हातांना तेच सोसत नाही.”

बाबांनी नळीवरची बारीक अक्षरं वाचली. “म्हणजे मी रोज चार वेळा...”

“चार वेळा लावलंत म्हणून तर मेंढी सापडली,” आई म्हणाली.

नवं मलम दिवसातून एकदाच लावायचं होतं. ते आईचं आईच लावी. तीन आठवड्यांत हात नितळ झाले, मशीन खडखडू लागलं. बाबा मात्र चहा झाला की घड्याळ बघत आणि वाचलेलाच पेपर पुन्हा उघडत. मला फार वाईट वाटायचं.

एका सकाळी मशीन मध्येच थांबलं. आई येऊन बाबांशेजारी बसली आणि तिने दोन्ही हात त्यांच्या मांडीवर ठेवले.

“आता काय लावू? बरे झालेत की,” बाबा म्हणाले.

“काही लावू नका. शेजारणीच्या पडद्यांची गंमत सांगायचीय.”

बाबांनी पेपर बाजूला ठेवला, चष्मा नीट केला आणि अंगठ्यापासून एकेक बोट तपासायला घेतलं.