मागच्या दाराचा पत्ता

"धन्यवाद म्हनतंय ना ते? मग मानसं गेली कुठं, साईनाथ?"

संतोषने मोबाइल साईनाथच्या नाकासमोर धरला होता. कळंबमध्ये वालाच्या वावराला लागून त्याचं छोटं रिसॉर्ट. मडक्यात वालाच्या शेंगा भाजून खायचे, पोपटीचे दिवस, एरवी शनिवार-रविवारी इथे बसायला खुर्ची मिळत नसे. पण महिना झाला, मडकी ओट्यावर पालथी पडून होती. साइट साईनाथनेच बनवलेली. गिऱ्हाईक तिच्यावरचा फॉर्म भरी, बटण दाबी, 'धन्यवाद, तुमचा निरोप पोचला' असं वाचून खूश होई, आणि इकडे संतोषचा फोन आपला ढिम्म. परवा तर ठाण्याचं एक कुटुंब बॅगा घेऊन दारात उभं राहिलं आणि आमची खोली कुठे म्हणून भांडून गेलं.

"बघतो," म्हणत साईनाथने मांडीवर लॅपटॉप उघडला.

कर्जत-खालापूर भागात त्याला साइटवाला म्हणूनच ओळखत. रिसॉर्टं, रोपवाटिका, मंगल कार्यालयं, एक दातांचा दवाखाना, सगळ्यांच्या साइटी त्याच्या हातच्या. बनवण्यात दोन दिवस जात आणि दुरुस्तीत जन्म. चाळिशीला आलेला माणूस, पण एका जागी बसून धड जेवायची सवय कधीच मोडलेली. फॉर्म अडला की लोक म्हणत, बटण बिघडलंय. बटणाला काय धाड भरलीय! बटण दाबलं की पान जागचं हलत नाही, पण लिहिलेलं सगळं मागच्या दाराने निघतं आणि दूरच्या सर्व्हरकडे जातं. सर्व्हर ते ज्याचं त्याच्या फोनवर धाडतो. बिघाड असतो तो या न दिसणाऱ्या वाटेवर.

साईनाथने खोट्या नावाने फॉर्म भरला, एक कळ दाबून ती वाट पडद्याच्या खालच्या अंगाला उघडली आणि बटण दाबलं. वर 'धन्यवाद' आलं. खाली लाल ओळ आली. निरोप जुन्या सर्व्हरच्या पत्त्यावर चालला होता. महिन्यापूर्वी त्याने ही साइट नव्या सर्व्हरवर हलवली, तेव्हा बाकी सगळीकडे पत्ता आपोआप बदलला. बुकिंगचं पान मात्र त्याने हौसेने हाताने लिहिलं होतं, तिथे जुनाच राहून गेला. जुन्या घरात आता कोणी राहत नव्हतं.

हे सगळं ऐकून संतोषने मान हलवली आणि मग विचारलं, "पन घरात कोन नाय, तर धन्यवाद कोन म्हनतंय?"

"मीच म्हणतोय," साईनाथ म्हणाला.

ती युक्ती त्याचीच होती. आधी समाजमंडळाच्या वधू-वर साइटवर त्याने ती केली होती. तिथे प्रत्येक मुलामुलीचं एक पान, पानाखाली फॉर्म: ओळख करून घ्यायची इच्छा असल्यास नाव, गाव, फोन आणि दोन ओळी लिहा. आपल्याकडे रेंजचा हा असा खेळ. लोक बटण दाबत, काही दिसेना म्हणून पुन्हा दाबत, मग शेजाऱ्याला दाबायला देत. एकाच मुलाचं स्थळ मुलीच्या बापाला पाच-पाच वेळा जाई. बाप चिडून मंडळाचे सचिव आबाजी यांना फोन करी, आणि आबाजी साईनाथला. शेवटी वैतागून साईनाथने करून टाकलं: बटण दाबलं रे दाबलं की 'धन्यवाद' यायचं आणि बटण गायब व्हायचं. सर्व्हर काय उत्तर देतोय याची वाटच बघायची नाही. लोक खूश, आबाजी खूश. पुढे त्याने सगळीकडे तसंच केलं.

संतोषच्या पानावरचा पत्ता बदलायला चहा निवेपर्यंतही वेळ लागला नाही. फोन वाजला, संतोष हसला, पोपटी खाऊन जा म्हणाला. पण साईनाथचं लक्ष उडालं होतं. मंडळाची साइट दोन वर्षांपूर्वी हलवली होती. तिथली सगळी पानं एका साच्यातून निघालेली. हाताने लिहिलेलं फक्त एकच होतं, अगदी पहिलं, नमुन्याचं. आबाजींना दाखवायला कोणाचं तरी पान हवं म्हणून त्याने घरचंच माणूस घेतलं होतं आणि जीव ओतून ते पान केलं होतं.

त्याची धाकटी बहीण, हर्षला.

पुलापाशी त्याने मोटरसायकल थांबवली आणि फोनवर ते पान उघडलं. दोन वर्षांत त्याने एकदाही उघडलं नव्हतं. बहिणीचं असलं पान कुठला भाऊ उघडून बघतो? त्यात तिला कोणी विचारत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक, मग जखमेवरची खपली कशाला काढा? त्याने फॉर्म भरला. नाव गोमा, गाव ठाकुरवाडी. बटण दाबलं. 'धन्यवाद, तुमचा निरोप पोचला.' या पानाचे निरोप आईच्या, सोनाबाईच्या फोनवर यायचे. त्याने घरी फोन लावून विचारलं, काही आलं का?

"नाय रं," सोनाबाई म्हणाली. "कोन विचारनार व्हतं का?"

तिच्या आवाजात एवढी घाई होती की साईनाथला पुढे बोलवेना. सहज विचारलं म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

या दोन वर्षांत त्या घरात काय काय झालं नव्हतं! तालुक्यातल्या यच्चयावत पोरींना स्थळं येत होती आणि हर्षलाला एकही नाही. मुलगी बी. फार्म. झालेली, कर्जतला मेडिकलमध्ये कामाला, वागायला सरळ. सोनाबाईने आधी ग्रहांना दोष दिला, मग चष्म्याला. चष्मा काढून स्टुडिओत नवा फोटो काढला. त्यालाही उत्तर नाही, तेव्हा हर्षलानेच सांगून टाकलं, आता फोटो नाही काढायचा. त्या दिवसापासून ती हळदीला जाईनाशी झाली. सोनाबाईने मात्र निरोप यायचा तो फोन देवाच्या फळीवर चार्जरला लावून ठेवला, तो आजतागायत तिथेच होता. घरात कोणी त्याला हात लावायचा नाही असा तिचा हुकूम होता.

मंडळाच्या जुन्या सर्व्हरचं खातं साईनाथने बंद केलेलं नव्हतं. तिथे कोण येऊन गेलं याची नोंद राहते. माणसाचं नाव नाही, लिहिलेलं काही नाही, फक्त अमक्या दिवशी दार वाजलं एवढंच. पुलाच्या कठड्यावर लॅपटॉप ठेवून त्याने ती नोंद काढली. दार वाजलं होतं. पहिल्या वर्षी बऱ्याचदा, मग कमी कमी, आणि गेल्या पावसाळ्यापासून अजिबात नाही. आजचा गोमा तेवढा सगळ्यात खाली.

माणसं आली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सगळ्या गावाची पानं चालली आणि जे मायेने केलं तेच नेमकं बंद पडलं. स्वतःच्या कानशिलात मारून घ्यावीशी वाटली त्याला. मोटरसायकलला त्याने दोनदा किक मारली, दोन्ही वेळा ती उगाचच बंद पडली. तिसऱ्यांदा सुरू झाली तेव्हा त्याने ती कडावकडे वळवली.

आबाजी अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हर्षलासाठी दोघा-तिघांनी आपल्यालाही विचारलं होतं, ते म्हणाले, उत्तर का आलं नाही म्हणून. मग तुम्ही मला का नाही बोललात, असं साईनाथने जरा चढ्या आवाजात विचारलं.

"आपल्यात तोंडानं नाय म्हनतात का रं कुनी?" आबाजी शांतपणे म्हणाले. "उत्तर नाय आलं, म्हंजे समजून घ्यायचं. दुसऱ्यांदा विचारनं म्हंजे मुलीच्या बापाचा अपमान. आमी समजलो, तुमाला मोठं घर पायजे."

रीत तर खरीच होती. साईनाथ स्वतः एका ठिकाणी असाच गप्प बसला होता आणि समोरच्यांनी समजून घेतलं होतं. विचारणारे कोण, ते मात्र आबाजी सांगेनात. तसं सांगायचं नसतं म्हणाले. पण साईनाथला सांगायची गरजच नव्हती. गेल्या उन्हाळ्यात एका हळदीत कडावचा स्वप्नील त्याच्या पंगतीला बसला होता. दूध संकलनाची गाडी चालवणारा, हसतमुख पोरगा. त्या दिवशी मात्र साईनाथने वाढलेला भात त्याने हाताने अडवला आणि म्हणाला, "राहू द्या, तुमी मोठी मानसं." साईनाथला तेव्हा तो टोमणा वाटला होता. कशाचा, ते कळलं नव्हतं.

स्वप्नील डेअरीच्या ओट्यावर कॅन धूत होता. ओट्याच्या टोकाला त्याची बायको सोनाली तान्ह्या मुलीला ऊन दाखवत बसली होती. साईनाथ तिच्याकडे बघून कसनुसा हसला आणि स्वप्नीलला गाडीच्या मागे घेऊन गेला. इथवर येईस्तोवर सांगू की नको चाललं होतं. आता सांगून टाकलं. निरोप पोचलाच नव्हता. चूक माझी.

स्वप्नील बराच वेळ कॅनचं झाकण पुसत राहिला.

"म्हंजे तिला कळलंच नाय?"

"नाय."

"तीन येळा लिवलं मी. मेडिकलात जाऊन तोंडावर विचारावं म्हनलं, पन धीर नाय झाला." त्याने झाकण बसवलं, पुन्हा काढलं. "आजबी तिथनं दूध घेऊन जातो तर मान खाली घालून जातो. आपल्याला नको म्हनलेलं मानूस, उगाच तिला अवघड नको."

तिकडे मुलगी रडू लागली, तसा तो वळला. जाता जाता थांबून म्हणाला, "सांगितलं ते बरं केलं. आता परत नका काढू." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर साईनाथला सोसला असता.

संध्याकाळी हर्षला घरी आली, तेव्हा साईनाथ ओट्यावरच लॅपटॉप घेऊन बसला होता. आई आत तांदूळ निवडत होती. दिवसभर घोकलेलं सगळं विसरून त्याने एका दमात सांगितलं: पत्ता, जुना सर्व्हर, धन्यवाद, सगळं. हर्षला चपला न काढता पायरीवर बसून ऐकत होती. ती चिडेल, रडेल, दोन शिव्या घालेल, याची त्याने तयारी ठेवली होती. तिने फक्त चष्मा काढून ओढणीने पुसला.

"कोणीतरी आलं होतं म्हणजे," ती म्हणाली.

"आलं होतं. पुष्कळदा. कोण ते कळत नाय. एकाचं कळलं, पण आता त्याचं..."

"मान खाली घालून जातो, तोच ना?"

साईनाथ लॅपटॉपच्या कळांकडे बघू लागला.

"मला वाटायचं, त्याची मान दुखते. एकदा बोलावून मलम द्यावं म्हणत होते." ती हसली आणि हसू मध्येच थांबलं. "दोन वर्षं मी आरशात काय काय शोधलं रं दादा. काय कमी आहे, काय जास्त आहे. कधी वाटायचं दात, कधी वाटायचं बोलणं. आणि तुझा पत्ता चुकला होता."

"हर्षू, माफ कर मला."

"दुरुस्त केलंस?"

त्याने मान हलवली. पत्ता बदलला होता, आणि 'धन्यवाद'सुद्धा आता सर्व्हरचं उत्तर आल्याशिवाय येणार नव्हतं. तपासायचं तेवढं राहिलं होतं. घरी बसून स्वतःच्या बहिणीच्या पानावर पुन्हा गोमा म्हणून लिहायला त्याचा हात उचलत नव्हता. हर्षलाने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. पानावरचं वय बत्तीसचं चौतीस कर म्हणाली, त्याने केलं. मग तिने स्वतःच फॉर्म भरायला घेतला. नावाच्या जागी नुसती एक रेघ ओढली. दोन ओळींच्या जागी ती थोडी थांबली, मग काहीतरी लिहून तिने बटण दाबलं.

'धन्यवाद' लगेच आलं नाही. दोघं पडद्याकडे बघत राहिले. आत देवाच्या फळीवर फोन वाजला आणि मग ते आलं.

तांदळाची परात जमिनीवर आपटल्याचा आवाज झाला. साईनाथ दचकून उठला, पण उशीर झाला होता. तपासायच्या नादात हा फोन कोण उचलेल याचा त्याने विचारच केला नव्हता. सोनाबाई दारात आली ती चार्जरसकट फोन घेऊन. तिचा चेहरा त्याने कित्येक वर्षांत असा पाहिला नव्हता.

"आलं रं, साईनाथ. निरोप आला. हर्षूला कुनीतरी लिवलंय." तिने फोन डोळ्यांपासून लांब धरला आणि शाळेतल्या पोरीसारखी एकेक अक्षर लावत वाचलं, "न-का-र... नव्ह-ता." ती थांबली. पुन्हा वाचलं. मग आळीपाळीने दोघांकडे बघत तिने विचारलं, "म्हंजे होकार हाय का रं?"

साईनाथला तोंड वर करवेना. हर्षला उठली, तिने आईच्या हातातून फोन घेतला.

"नाय गं आई," ती म्हणाली. "नकार नव्हता, एवढंच."

आईच्या पायाशी लोंबणारी चार्जरची वायर तिने हळूहळू हातावर गुंडाळली. मग आत जाऊन, सांडलेले तांदूळ ओलांडत, तिने फोन होता तसा पुन्हा फळीवर लावून ठेवला.