काकूची चौथी सवय

मालिकेतलं माणूस चार सवयींवर उभं राहतं, असं लेखिका नेहमी म्हणायची. चेहरा काय, तो उसना असतो. सवयी पक्क्या असल्या की झालं. लिहायला नवीन कुणी आलं की त्याला ती हा पहिला धडा द्यायची आणि तो बिचारा मान डोलवायचा. न डोलवून सांगतो कुणाला? तिची मालिका इतकी वर्षं चालली होती की सुरुवातीला रांगणारी मुलं आता पडद्यावर संसार थाटत होती.

गंमत म्हणजे मालिकेतल्या लाडक्या काकूला तिने तीनच सवयी दिल्या होत्या, आणि तिन्ही स्वतःच्या आईच्या उचललेल्या होत्या. डब्याचं झाकण लावलं की आई त्यावर दोनदा टिचकी मारायची. लेकीने घरात पाऊल टाकलं की म्हणायची, "आलीस? बस. आधी श्वास घे." आणि चष्मा पुसायला तिला स्वतःचं काही कधी सापडायचं नाही, शेजारी जो बसला असेल त्याच्या बाहीला ती खुशाल चष्मा पुसायची.

पहिला भाग पाहताना आई हसून हसून खोकली होती. "माझं सगळं दुकान मांडलंस की गं बाहेर," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "कानाचं नाही घेतलंस?"

"नाही."

"नको घेऊस. तेवढं आपल्यात राहू दे."

कानाचं म्हणजे असं, की लेक घरातून निघाली की आई दारात काही बोलायची नाही. नुसती तिच्या कानाची पाळी चिमटीत धरून हलकेच ओढायची. शाळेच्या पहिल्या दिवशी लेकीने रडून आकाशपाताळ एक केलं होतं, तेव्हापासूनची ही रीत. लेखिकेने शब्द दिला आणि पाळला. म्हणून काकू तीन सवयींवर उभी होती, आणि छान उभी होती.

मग काकूचं काम करणाऱ्या बाईंचं तारखांवरून बिनसलं आणि त्यांनी मालिका सोडली. नवीन बाई आल्या. चांगल्या होत्या, पण चेहरा साफ निराळा. अशा वेळी काय करायचं, यात लेखिकेचा हातखंडा होता. आधी चेहरा दाखवायचाच नाही. स्वयंपाकघरात फक्त हात दिसले पाहिजेत. झाकण, दोन टिचक्या, मग ते वाक्य. आणि मग चेहरा, तोही शेजारच्याच्या बाहीला चष्मा पुसताना. भिंतीवरचे फोटो कलाविभाग आदल्या दिवशीच बदलून ठेवतो. पण सगळ्यात मोठा नियम हा, की घरातल्या कुणीही दचकायचं नाही. घरातले दचकले नाहीत की बघणारेही दचकत नाहीत. एखादा दिवस कुरकुरतात आणि गिळतात.

ज्या संध्याकाळी तो भाग दाखवला गेला, त्या संध्याकाळी लेखिका घरी आली. घरी ती, आई आणि धाकटा भाऊ, एवढीच माणसं. भाऊ शाळेत गणित शिकवायचा आणि त्या वेळी टेबलावर उत्तरपत्रिका पसरून पोरांच्या अकलेला हात जोडत होता. स्वयंपाकघराच्या अर्धवट दारातून हात तेवढे दिसत होते. झाकण लागलं. दोन टिचक्या वाजल्या.

"आलीस? बस. आधी श्वास घे."

मग ती बाई बाहेर आली, भावाशेजारी बसली आणि त्याच्या बाहीला चष्मा पुसू लागली. ती आई नव्हती. मालिकेतल्या नव्या बाईही नव्हत्या. लेखिकेने जन्मात न पाहिलेली एक साठीची बाई आईचा स्वेटर घालून बसली होती.

भाऊ दचकला नाही. "अगं, शाई लागेल काचेला," एवढंच म्हणाला.

लेखिकेने भावाला बाजूला घेऊन विचारलं, "ही कोण?" त्याने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "आई आहे. तू जरा सुट्टी घे." तिने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. भावाच्या पदवीचा फोटो, तोच गाऊन, तीच खुर्ची, आणि खुर्चीत ती बाई. फक्त चौकट आधीपेक्षा किंचित लहान होती. तिच्या चारही बाजूंनी भिंतीचा न मळलेला पट्टा दिसत होता. एवढी चूक कलाविभागाने केली असती तर लेखिकेने त्यांना फैलावर घेतलं असतं.

सकाळी निघताना ती दारात मुद्दाम घुटमळली. बाईने डबा हातात दिला. "ये नीट," म्हणाली आणि आत गेली. कानाला हात लावला नाही. लेखिका जिन्यातच बसून रडली. पण त्या रडण्यात थोडा आधारही होता, कारण ही आई नव्हेच याला आता पुरावा मिळाला होता. कानाची ती पाळी तेवढी अजून आईची होती.

तिने पोलिसांत जायचा विचार केला आणि सोडून दिला. सांगणार काय? आई घरात आहे, पण आई हरवली आहे? लोकांनी वेड्यात काढलं असतं.

एका दुपारी स्टुडिओच्या फाटकावरचे मामा म्हणाले, "लेखिकाबाई, एक बाई येऊन बसल्या होत्या. म्हणे मी तुमच्या लेखिकेची आई. मी म्हटलं, आमच्या डोळ्यात धूळ फेकता काय? आईंना मी ओळखतो, मागे तुमचा डबा घेऊन आल्या होत्या. या त्या नव्हेतच."

"कुठे आहेत त्या?"

"घालवून दिलं."

लेखिका रस्त्यावर धावली. कोपऱ्यापर्यंत गेली, पलीकडे गेली, दुकानात डोकावली. कुणी नव्हतं. पुढे कितीतरी दिवस ती फाटकाशी बसून लिहायची, आणि लोक म्हणायचे की बाईंना हल्ली हवा लागते.

इकडे घरातली बाई वाईट होती म्हणावं, तर तसंही नाही. खरं दुखणं तेच होतं. लेखिकेला ताप आला तेव्हा ती उशाशी बसून होती. आईसारखीच मधेच पेंगली, आईसारखीच "मी कुठे झोपले" म्हणाली. कधीकधी लेखिका तिच्या मांडीवर डोकं टेकायची आणि मग स्वतःचीच लाज वाटून उठून बसायची. सगळ्या घरात दचकणारी ती एकटीच उरली होती. एकट्याने रोज दचकत राहायला फार बळ लागतं, आणि तिचं संपत आलं होतं.

अशात आकडेबुवांनी बैठक बोलावली. वाहिनीचे हे गृहस्थ दर आठवड्याला बघणाऱ्यांचे आकडे घेऊन यायचे, म्हणून त्यांचं हे नाव. चेहरा पाडून ते म्हणाले, "नवी काकू लोकांच्या गळी उतरत नाहीये. काहीतरी कमी पडतंय म्हणतात. तुम्हीच सांगता ना, चार सवयी लागतात? चौथी द्या. नाहीतर पुढच्या आठवड्यात काकूला जिन्यावरून पाडू. तेराव्याचा भाग होईपर्यंत लोक रडतील, आकडे वर जातील."

"मारायचं?"

"मारायचं."

लेखिकेला घर आठवलं. काकू मेली तर घरातल्या बाईचं काय होईल? आणि आई, ती जिथे कुठे असेल तिथे, तिचं काय होईल? काकू तिच्यातूनच तर घडली होती. दोघींच्या मधे नुसता कागद होता, आणि त्यावर लिहिलेलं खरं होतं हे आता तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

ती दुसरी सवय शोधत बसली. किल्ल्या वाजवणं, स्वतःशी पुटपुटणं, आकडेबुवांनी एकेक उडवून लावलं. "हे बाजारातलं झालं. घरातलं द्या." शेवटी तिने लिहिलं, की पुतणी कामाला निघते, काकू काही बोलत नाही, तिच्या कानाची पाळी चिमटीत धरून हलकेच ओढते. लिहिताना ती हमसून रडली. आईला वाचवण्यासाठी लिहितेय, असं तिने मनाला बजावलं. ते खरंही होतं. आणि आता सुटका व्हावी, कुणीतरी तिचाही कान धरावा, हेही तितकंच खरं होतं.

तो भाग दाखवला गेला. लोकांनी काकूला उचलून धरलं.

दुसऱ्या सकाळी लेखिका दारात चप्पल घालत होती. आई बाहेर आली. काही बोलली नाही. तिने लेकीच्या कानाची पाळी चिमटीत धरली आणि हलकेच ओढली.

लेखिकेला एकदम हलकं वाटलं. किती दिवसांनी छातीभर श्वास आला. जाताजाता तिने फोटोकडे पाहिलं. पदवीचा गाऊन घातलेला भाऊ, खुर्चीत आई. चौकटीभोवती हा पांढरा पट्टा कसला? रंग द्यायला झालाय भिंतींना, असं मनाशी म्हणत ती जिना उतरली.

फाटकाशी मामा म्हणाले, "त्या बाई परत आल्यात बघा."

बाकावर एक म्हातारी बसली होती. केस विस्कटलेले, पायांत धूळ. लेखिकेला पाहून ती धडपडत उठली. "आलीस?" ती म्हणाली. "बस. आधी..."

मामा हसले. "काकूंचं वाक्य सगळ्या गावाला पाठ झालंय."

म्हातारीने लेखिकेच्या बाहीला चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि नीट पाहिलं. मग हात वर नेला, थेट कानाकडे.

लेखिका मागे सरली. "अहो, काय करताय?"

हात तसाच वर राहिला. म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत होती. नंतर हात हळूहळू खाली आला. "काही नाही," ती म्हणाली. "तेवढंही दिलंस, होय?"

बाई जरा फिरलेल्या दिसतात, लेखिकेच्या मनात आलं, आणि तिला उगाच भडभडून आलं. अशा किती येतात. मालिका बघून बघून बिचाऱ्यांना घर कुठलं नि पडदा कुठला हे कळेनासं होतं. तिने मामांना बाजूला घेतलं. "आज लग्नघराच्या दृश्यात गर्दीला बायका हव्यातच. यांना आत घ्या, सावलीत बसवा, जेवायला घाला. पण अगदी मागच्या रांगेत. आणि सांगा त्यांना, चेहरा कॅमेऱ्यात येऊ देऊ नका."

म्हातारीने ऐकलं. ती मुकाट्याने आत गेली आणि सगळ्यांच्या मागे, सांगितलं होतं तशी, भिंतीकडे तोंड करून बसली.