चष्म्यांचं पिंप

"दिसलं! अगं बाई, दिसलं!" पोस्टातल्या कारकूनबाई व्यासपीठावर उड्या मारत होत्या आणि खाली अडीचशे माणसं टाळ्या पिटत होती. बाईंचा चष्मा दृष्टीबाबांच्या पायाशी ठेवलेल्या पिंपात खण्णकन पडला.

"डोळ्यांनी पाहणं ही नुसती सवय आहे, बाळांनो!" बाबा गरजले. "खरी नजर इथून येते." त्यांनी स्वतःच्या कपाळावर टिचकी मारली. "चष्मा काढा, एक डोळा मिटा, दिव्यपत्र दुसऱ्या डोळ्याला लावा, माझं नाव घ्या आणि वाचा!"

दिव्यपत्र म्हणजे काय, तर काळा पुठ्ठा आणि मधोमध बारीक भोक! समोर फळ्यावर मुंगीएवढी अक्षरं, त्यांवर झगझगीत दिवा. जो तो वाचायचा, किंचाळायचा, चष्मा पिंपात टाकायचा आणि दाराशी ठेवलेल्या वहीत अभिप्राय लिहून घरी जायचा. मी छापखान्यात मुद्रितं तपासतो, त्यामुळे लिहिलेलं दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही. वही चाळली. 'बाबा थोर आहेत.' 'डोळे बरे झाले.' 'डॉक्टर लुटारू आहेत.' असे आठवडाभरातले चारशे अभिप्राय! मी पोट धरून हसलो असतो, पण पिंपात पुढचा चष्मा पडला तो माझ्या ताईचा.

ताई शिवणकाम करते. तिला काचबिंदू आहे. डोळ्यांतला दाब आवरायला रोज संध्याकाळी थेंब घालायचे, ते सोडले तर गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी तिला तीनदा बजावलं होतं. आणि घरी येताच बाईसाहेबांनी थेंबांची बाटली खोक्यासकट केराच्या डब्यात भिरकावली.

"ताई, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"चारशे माणसांनी लिहून दिलंय! ती सगळी खुळी आणि तू एकटा शहाणा?"

तेवढ्यात शिवणयंत्रापाशी गृहपाठ करणारी तिची लेक उठली. आम्ही तिला वकीलबाई म्हणतो. वय वर्षं दहा, वाद घालण्याचा अनुभव वर्षं नऊ. शाळेत त्या आठवड्यात तथ्य आणि मत चाललं होतं. तपासून खरं ठरलेल्या वाक्याखाली निळी रेघ मारायची, नुसतं वाटतं त्याखाली लाल.

"मामा, वहीत काय काय होतं?"

मी आठवेल तेवढं सांगितलं, तिनं ते उतरवून रेघा मारायला घेतल्या. लाल, लाल, लाल! 'डोळे बरे झाले'वर मात्र पेन्सिल थबकली.

"हे तपासता येतं की! पण तपासलं कुणी? आई, तू काय काय केलंस तेवढंच सांग. वाटलं ते नको."

"चष्मा काढला. भोकातून पाहिलं. बाबांचं नाव घेतलं. बारीक अक्षरं वाचली."

"हे निळं. आता यातलं एकेक काढून बघू."

वकीलबाईंनी आईच्या कपडे बेतायच्या पुठ्ठ्याला सुईनं भोक पाडलं, दिवा लावला, केरातलं खोकं काढून औषधाचा कागद आईसमोर धरला. "वाच. पण बाबांचं नाव घ्यायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"बटाटा म्हण."

"बटाटा," ताई पुटपुटली आणि भोकातून वाचू लागली. "'डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय औषध... थांबवू नये.' अगं बाई! बटाट्यानं दिसलं!"

"आता पुठ्ठा काढ आणि बाबांचं नाव घे."

ताईनं सात वेळा घेतलं. अक्षरं पुसटच राहिली. मग मीही चष्मा काढून बटाटा बटाटा ओरडत घरभर भोकातून पाहत फिरलो.

सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांच्या खणातून तसलंच भोकाचं पत्र काढलं. चष्म्यानं नजर सुधारेल का, हे ते त्यावरून पाहतात. बारीक भोक इकडेतिकडे पसरणारे किरण अडवतं, मोजकेच आत सोडतं, म्हणून अक्षर रेखीव दिसतं. डोळा होता तसाच राहतो.

त्याच दुपारी ताईनं सभागृहात पुठ्ठे वाटले आणि अडीचशे माणसं "बटाटा!" म्हणत फळा वाचू लागली. "हा श्रद्धेचा अपमान आहे!" बाबा ओरडले, पण ऐकतंय कोण! मग पिंप आडवं झालं. कारकूनबाईंच्या नाकावर न्हावीदादांचा चष्मा, न्हावीदादांच्या नाकावर भलत्याचाच. त्या गोंधळात बाबांना मागचं दार सापडेना. त्यांनी हळूच कफनीतून जाड भिंगांचा चष्मा काढून लावला आणि सगळं सभागृह खो-खो हसत सुटलं.

ताईनं वहीत लिहिलं: 'मी भोकातून वाचलं. बटाटा म्हणूनही वाचलं. पुठ्ठा काढल्यावर बाबांचं नाव घेऊनही वाचता आलं नाही. घरी करून पाहा.' खाली, वेगळ्या ओळीत: 'माझं मत: हा माणूस लबाड आहे, कारण स्वतःचा चष्मा लपवून तो आमचे काढून घेतो.'

लोकहो, मत लिहा, चांगलं ठणकावून लिहा! फक्त आधी काय घडलं ते लिहा, मग काय वाटलं ते, आणि का वाटलं तेही. चारशे जणांना वाटलं म्हणून एकाही डोळ्याचा दाब उतरत नाही.

संध्याकाळी ताईनं मान मागे टाकली. वकीलबाईंनी थेंब घातले.

"माझी लेक लाखात एक आहे," ताई म्हणाली.

"हे लाल. कारण सांगावं लागेल."

ताईनं डोळे मिटूनच बाटलीकडे बोट केलं.