पिशवीत टाका, घेऊ नका

दुकानाची साइट सांभाळणाऱ्या नौशीनने लॅपटॉप तिळाच्या डब्यावर ठेवला, डबा डगमगतो आहे हे पाहून त्याच्याखाली पोत्याची घडी सारली आणि स्क्रीन सुलक्षणाकडे वळवली.

“नाव द्या, ताई. यादीला नाव लागतं.”

“कसली यादी ते तरी सांग.”

“जे आपल्या साइटवर आले, बिबडे पाहिले आणि न घेता गेले, त्यांची. त्यांनाच पुन्हा जाहिरात दाखवायची. ते बातम्या वाचत असतील, गाणं लावत असतील, मध्येच आपले बिबडे दिसतील. रीमार्केटिंग म्हणतात याला.”

सुलक्षणा पुण्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करत होती. पुस्तक नेणाऱ्याची नोंद तिथे असे. कपाटाशी उभं राहून चाळणाऱ्याची कुणी ठेवत नसे. तिने ‘न घेता गेलेले’ असं टाइप केलं. नौशीनने पुढच्या रकान्यात तीस दिवस निवडले आणि बटण दाबलं. यादी तयार झाली. तिच्यापुढे लगेच बारीक अक्षरांत उमटलं की यादी फार लहान आहे, जाहिरात दाखवता येणार नाही.

“नाना गेल्यापासून साइटकडे कुणी वळलंच नाही,” नौशीन म्हणाली. “महिन्याभरात निदान शंभर माणसं येऊन जायला हवीत. त्याशिवाय हे चालूच होत नाही.”

नाना, म्हणजे सुलक्षणाचे वडील जीवराम, माघात गेले. जळगावात मेहरूणच्या या घरात खालच्या खोलीत त्यांचं दुकान होतं आणि वर गच्ची. दर चैत्रात गच्चीवर खाटा मांडल्या जात, ज्वारीचा घाटा शिजे, आणि कमलबाई चार बायकांना घेऊन ओल्या लुगड्यांवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पातळ पापड, घाले. सहा वर्षांपूर्वी नानांनी हट्टाने साइट काढून घेतली. तेव्हापासून खानदेश सोडून गेलेली माणसं ठाण्याहून, सुरतेहून बिबडे मागवू लागली होती. आता सुलक्षणा दोन आठवड्यांची रजा काढून आली होती. ज्वारी तीन दिवस भिजवावी लागते, तेव्हा यंदा भिजवायची की नाही हे गुरुवारपर्यंत सांग, असं कमलबाईने तिला बजावलं होतं. नाही म्हटलं, तर त्या पाचही जणी वेफर्सच्या कारखान्यात जाणार होत्या. एकदा तिकडे गेलेल्या बायका गच्चीवर परत येत नाहीत, हे दोघींनाही माहीत होतं. त्या बायकांशिवाय नानांच्या दुकानात विकायला काही उरणार नव्हतं.

कमलबाई दारात बसून तीळ पाखडत होती. सूप थांबलं.

“कितला माणसं म्हने?”

“शंभर, अक्का,” नौशीन म्हणाली.

“शंभरच? मन्हा माहेरना लगीनमा नुस्ता वाढनारा शंभर ऱ्हातस.”

“तुमचं माहेर साइटवर कुठे येतं?”

“मोबाईल बठ्ठासकडे शे. बोलाव तं येतीन.” कमलबाईने सूप मांडीवर टेकवलं. “पन त्यासनी येवानं, देखानं आनि लेवानं नही. असंच ना?”

“हो. पिशवीत टाकून सोडून गेले तर आणखी चांगलं, ती यादी सगळ्यात पक्की. आणि घेतलं की माणूस या यादीतून बाहेर.”

“बाहेर?”

“लगेच.”

कमलबाईने मान हलवली, जणू पंगतीचा नियम समजून घेतला, आणि पुन्हा पाखडायला लागली.

मंगळवारी सकाळी नौशीनचा फोन आला तेव्हा सुलक्षणा नानांच्या शर्टांच्या घड्या घालत होती.

“ताई, दोनशे चौदा!”

“काय दोनशे चौदा?”

“माणसं. यादीत. दोंडाईचा, चाळीसगाव, शिरपूर, थोडी सुरतेची. आणि नुसती पाहून गेलेली नाहीत, पिशव्या भरून गेलीत. कुणी दोन किलो, कुणी पाच. मी आलेच.”

ती आली ती गाडीला किल्ली तशीच ठेवून. दोघींनी जाहिरात लिहायला घेतली. नौशीनने तीन ओळी सुचवल्या, सुलक्षणाने तिन्हींतली उद्गारचिन्हं काढली. शेवटी ‘तुमची पिशवी राहिली आहे’ एवढीच ओळ उरली. नौशीनला ती सपक वाटली.

“यात काही ऑफर नाही, घाई नाही.”

“खरं आहे ना पण? पिशवी राहिलीच आहे.”

“तुम्ही नानांवर गेलात,” नौशीन म्हणाली. “आता फोटो. मागच्या वर्षीचाच पडून आहे, पण तो…”

फोटोत नाना गच्चीवर उभे होते. दोन्ही हातांत एक बिबडा उन्हासमोर धरलेला, त्यातून ऊन गाळून आल्यासारखं त्यांच्या चेहऱ्यावर पडलेलं. एक डोळा मिटलेला.

“नुसत्या बिबड्यांचा नवा काढू का?” नौशीनने विचारलं.

सुलक्षणाने टेबलावरचा तिळाचा एक दाणा बोटाने टिपला, डब्यात टाकला.

“हाच राहू दे.”

दुपारी जाहिरात सुरू झाली. संध्याकाळपर्यंत दोनशे चौदांपैकी बहुतेकांनी ती पाहिली होती, निम्म्यांनी तिच्यावर बोट ठेवलं होतं. पिशव्या वाढल्या. पाच किलोच्या सात किलोच्या झाल्या. ऑर्डर एकही नव्हती.

बुधवारी तेच. नौशीन स्क्रीनला नाक लावून बसली.

“मी चार वर्षं हे काम करते आहे, ताई. साड्यांचं केलं, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं केलं. असं कधी पाहिलं नाही. माणसं येतात, पिशवी भरतात, नाव, नंबर, घराचा पत्ता, खुणेला मारुतीचं देऊळ, सगळं लिहितात आणि शेवटच्या बटणाशी थांबतात. सगळीच्या सगळी. एक तरी चुकून दाबेल की नाही?”

“पैसे भरायचं पान बिघडलं असेल.”

“मी स्वतः पाव किलो मागवून पाहिलं. चालतंय.”

दोनशे माणसं दारापर्यंत येऊन परत गेली, तर त्याचा अर्थ सुलक्षणाच्या लेखी सरळ होता. नाना होते तोवर लोक नानांकडून घेत होते. तिने बॅग काढून पलंगावर उघडी ठेवली, आणि कमलबाईला उद्या काय शब्दांत सांगायचं त्याची मनात जुळवाजुळव केली. तीन वाक्यं झाली. तिसरं तिला आवडलं नाही.

गुरुवारी सकाळी, ते सांगण्याआधी, तिने एका अर्धवट पिशवीवरचा नंबर लावला. निदान कारण तरी कळावं. नाव होतं छगन, राहणार दोंडाईचा, पिशवीत सात किलो.

“छगनभाऊ? जळगावहून बोलते आहे. जीवरामनानांची मुलगी, सुलक्षणा.”

“हा, बोला ताई.” पलीकडे कापड फाडल्याचा लांब आवाज आला, दुकानात असावा. “लेवू का आते?”

“काय?”

“बिबडा. परवानगी भेटनी का?”

“कुणाची परवानगी?”

“कमल आत्यानी. तिनी ग्रुपवर बठ्ठासले सांगेल शे. देखानं, पिशवीमा टाकानं, पन मी सांगस नही तवपर्यंत लेवानं नही. नानाना कामले शंभर माणसं लागतस म्हने, आनि जो लेई तो कटी. मंग कोन लेई?” त्याने कुणाला तरी ‘अडीच मीटर’ असं सांगितलं आणि पुन्हा फोनवर आला. “मन्ही बायको बटन दाबनार व्हती. मी हात धरा.”

सुलक्षणाने तोंडावर हात ठेवला.

“ताई? शेतस ना?”

“आहे, आहे.”

“एक सांगू का? नानाना गंधमुक्तीले मी जळगावले उनू, पाया पडनू, घर उनू. आते तीन दिवसफाईन नाना रोज मोबाईलमा येतस. क्रिकेट देखस तं नाना. पोरगी गाना लावस तं नाना. एक डोया मिटीसन म्हनतस, पिशवी राह्यनी. मी म्हनस, नाना, थांबा जराखं, मन्हा हातमा नही.”

सुलक्षणा हसली. माघापासून इतका मोठा आवाज तिच्या घशातून निघाला नव्हता. तो ऐकून कमलबाई हातातली झाडणी घेऊनच आत आली. सुलक्षणाने फोन ठेवला आणि डोळे पदराने पुसत तिच्याकडे पाहिलं.

“अक्का, तुम्ही लोकांना घेऊ नका म्हणून सांगितलंत?”

“मंग? या पोरीनीच सांगं.” कमलबाईने नुकत्याच आलेल्या नौशीनकडे झाडणी रोखली. “लिधं का मानूस यादीमाईन भाईर जास. मंग शंभर कसा व्हतीन? पह्यल्या दिवसले माले सतरा जनसनी इचारं, लेवू का. मी बठ्ठासले दम भरा.”

नौशीन दारातच चप्पल काढता काढता थांबली. एक पाय चपलेत, एक बाहेर.

“अक्का, शंभर झाल्यावर विकायचंच असतं. त्यासाठीच तर यादी.”

“ते तू कटे सांगं?”

नौशीनने आठवून पाहिलं.

“नाही सांगितलं,” ती म्हणाली.

“मंग.”

कमलबाई उंबऱ्यावर बसली, कमरेचा मोबाईल काढला, तो तोंडासमोर आडवा धरला आणि बोट दाबून ठेवलं. तिचा आवाज पंगत उठवतानाचा होता.

“ऐका रे बठ्ठा. यादी भरनी. आते ल्या. जेनी पिशवीमा जितलं टाकं, तितलं लेवानं. कमी कराना नही. मी नावं देखसू.”

लॅपटॉप तिळाच्या डब्यावर होता. पहिल्या पाच मिनिटांत त्यातून एक बारीक घंटा वाजली. मग दोन. मग नौशीनने आवाज बंद केला, कारण बोलणं ऐकू येईना.

“ज्वारीचं काय?” कमलबाईने विचारलं.

“भिजवा,” सुलक्षणा म्हणाली. तयार केलेल्या तीन वाक्यांपैकी एकही लागलं नाही. “किती भिजवायची ते तुम्हीच ठरवा.”

तिने पुण्याला फोन करून रजा आठवडाभर वाढवून घेतली. पलंगावरच्या बॅगेत कमलबाईने कुणाला न विचारता धुतलेली लुगडी ठेवली, वर न्यायला सोपं पडतं म्हणून.

पुढच्या मंगळवारी पहाटे घाटा शिजला. ऊन चढेपर्यंत गच्चीवरच्या सहा खाटा भरल्या, आणि लसूण-तिळाचा वास जिन्यावरून दुकानापर्यंत उतरला. खाली नौशीन यादी साफ करत होती.

“आता घेतलेल्यांना पिशवीच्या यादीतूनही वगळायचं,” ती म्हणाली. “नाहीतर छगनभाऊंना बिबडे पोचल्यावरही नाना दिसत राहतील.”

“त्यांना चालेल.”

“त्यांना चालेल, पण जाहिरात आपल्या खर्चाने फिरते.” तिने एकेक खूण लावली, मग खाली सरकली. “ही एक जुनी आहे. पडून आहे, कधी चाललीच नाही. काढून टाकू?”

“कुणाची?”

“नानांनी करून घेतली होती माझ्याकडून. मागच्या पाडव्याला. साइटवर एक पान आहे, कुठूनही जोडलेलं नाही, सरळ पत्ता माहीत असेल तरच उघडतं. ते उघडणाऱ्यांची यादी.” नौशीनने पान उघडून दाखवलं.

एकच फोटो होता. खाट, तिच्यावर लुगडं, लुगड्यावर ओले, चकचकीत बिबडे. खाली विकत घ्यायचं बटण नव्हतं. नानांनी लिहिलं होतं: ‘ओले बिबडे पाठवता येत नाहीत. यावं लागतं.’

“मी म्हटलं, नाना, यादीत एकच माणूस आहे, एका माणसाला जाहिरात दाखवता येत नाही. म्हणाले, राहू दे. दिवस किती ठेवू विचारलं, तर म्हणाले, असतील तेवढे. पाचशे चाळीस. त्यापुढे जाताच येत नाही.”

मागच्या पाडव्याला ग्रंथालयात पुस्तकांची मोजदाद चालू होती. नानांचा निरोप आला तेव्हा सुलक्षणा शिडीवर होती. तिने दुवा उघडला, फोटो पाहिला, उत्तरादाखल एक अंगठा पाठवला आणि वरच्या फळीकडे वळली.

“पडून राहिली तर काही बिघडतं का?” तिने विचारलं.

“काही नाही. त्या माणसाचे दिवस संपले की आपोआप रिकामी होते. दीडशेएक उरले असतील.”

वरून कमलबाईची हाक आली.

“सुलू, ओला शेतस तवपर्यंत खावाले ये. वाळनात म्हंजे मंग इकानाच.”

“आले, अक्का.”

ती उठली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून तिने आपला मोबाईल काढला, जुन्या निरोपांत बरंच मागे गेली, आणि एका दुव्यावर बोट ठेवलं. पान उघडेपर्यंत तिथेच उभी राहिली.

“ताई,” लॅपटॉपमधून मान वर करत नौशीन म्हणाली, “ते तुम्ही परत उघडलंत तर दिवस पहिल्यापासून मोजतात हं.”

“किती म्हणालीस?”

“पाचशे चाळीस.”

सुलक्षणाने मान हलवली आणि जिना चढू लागली.