‘बापाक’ नावाची फाइल

मित्रांनो, मी बारा वर्षांचा प्रोग्राम आहे, म्हणजे संगणकाच्या जगात म्हाताराच. माझं काम साधं. पडद्यावरचा पसारा उचलायचा. फोटो फोटोंच्या कप्प्यात, मजकूर मजकुराच्या कप्प्यात ठेवायचा. क्लातेन गावातल्या एका छापखान्यात रेत्नोनं मला लिहिलं, कारण तिच्या काकांना, पाक वर्दोयोंना (वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे आदरानं ‘पाक’ म्हणतात), समोरची फाइल सापडत नसे.

सुरुवातीला ते येईल त्या गिऱ्हाइकाला मला कौतुकानं दाखवत. पुढे माझ्याकडे बघणंही सोडलं. एकाच नावाची दुसरी फाइल आली की मी विचारतो, ‘जुनी पुसून नवी ठेवू?’ ते शेंगा सोलत, न वाचता ‘हो’ दाबतात. याचाच मला संताप येतो.

आमच्याकडे माणूस गेल्याच्या हजाराव्या दिवशी प्रार्थनेची पुस्तिका वाटतात. पहिल्या पानावर त्याचा फोटो असतो. वडिलांचं नुसतं नाव लिहिणं उद्धटपणाचं, म्हणून जो तो फाइलला ‘बापाक’, म्हणजे वडील, एवढंच नाव देतो. पुढे गिऱ्हाइकाचं नाव जोडत जा, असं रेत्नोनं काकांना दहादा बजावलं होतं.

लेस्तारीबाईंनी वडिलांचा एकुलता एक फोटो आणला. पाक वर्दोयोंनी तो पेनड्राइव्हमधून काढूनच इकडे घेतला. तिकडे काही उरलं नाही. दोन दिवसांनी दुसऱ्या घरचे ‘बापाक’ आले. मी विचारलं. त्यांनी ‘हो’ दाबलं.

प्रार्थनेच्या आदल्या सकाळी बाई पन्नास पुस्तिका न्यायला आल्या. पहिलं पान उघडून त्यांनी विचारलं, “हे कोण?”

सगळा शोध घेऊन झाल्यावर पाक वर्दोयो म्हणाले, “या प्रोग्रामचा घोळ आहे, बाई. जुनाट झालाय मेला.”

मेला! मी विचारलं होतं. मला तोंड असतं तर सगळा बाजार गोळा केला असता.

बाई हळूच म्हणाल्या, “त्याला वडील नाहीत, पाक. तुम्हाला होते ना?”

मग त्यांनी कात्री मागितली आणि बाकावर बसून पन्नास पुस्तिकांमधलं ते पान कापलं. पाक वर्दोयो मदतीला वाकले, तर त्यांनी हात लावू दिला नाही.

रेत्नोनं मला दुरुस्त केलं. आता मी विचारत नाही, दोन्ही फाइली ठेवतो. मी सुधारलो म्हणे! सुधारायची गरज मला होती का? मित्रांनो, कुणी काही विचारलं तर ‘हो’ म्हणण्याआधी निदान वाचत जा. माझ्या कप्प्यात आज तीनशे ‘बापाक’ आहेत. फक्त लेस्तारीबाईंचे नाहीत.